मुख्याध्यापक निवडण्याचा हक्क आणि त्यामागची अमानत

हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे वसमत १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही उच्च शिक्षणासाठी उर्दू माध्यमच निवडले. मराठवाड्यातल्या मुस्लीम मोहल्ल्यांत उर्दू शाळेची ओढ रुजली ती याच इतिहासातून. आज अशा तालुक्याच्या गावात मुसलमानांची शाळा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर मदरसा येतो. वास्तविक सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले होते की शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशात शिकतात. बाकीची जिल्हा परिषदेच्या उर्दू किंवा मराठी शाळेत जातात, नाहीतर एखाद्या अंजुमनने वा शिक्षण संस्थेने चालवलेल्या अनुदानित उर्दू शाळेत. अलीकडे त्यात नव्या स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांची भर पडली आहे. तिथे गणित-विज्ञानाच्या जोडीला नाजिरा (पाहून कुराणवाचन) आणि दीनियातचा (धर्मशिक्षणाचा) तास असतो. जिल्हा परिषदेची शाळा सोडली तर या सगळ्या संस्थांत एक गोष्ट समान आहे. शाळेचा प्रमुख कोण असावा आणि शिक्षकांना कसे वागवावे, हे ठरवण्याचे बरेचसे अधिकार समाजातल्याच मूठभर लोकांच्या हातात असतात. या शाळांचे बरेवाईट अभ्यासक्रमापेक्षाही या अधिकारांच्या वापरावर ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट समाजाच्या चर्चेत सर्वांत कमी येते, असे माझे ठाम मत आहे.

हे अधिकार किती मोठे आहेत ते आधी पाहू. महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९७७ च्या कायद्याने आणि त्याखालच्या १९८१ च्या नियमावलीने ठरतात. सर्वसाधारण संस्थेत मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने जाते. यादीत वरचा शिक्षक पात्र असेल तर संस्थाचालकांना तो पसंत असो वा नसो, खुर्ची त्याची. पण याच कायद्याच्या कलम ३ मध्ये अल्पसंख्याक शाळांना एक सवलत आहे. मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने शिक्षण खात्याला कळवलेले आणखी जास्तीत जास्त तीन कर्मचारी यांच्या भरतीला हा कायदा लागू होत नाही. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना दिलेल्या, आपल्या शिक्षण संस्था चालवण्याच्या हक्काचे हे प्रत्यक्ष रूप. सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ साली केरळच्या एका शाळेच्या प्रकरणात आणि पुन्हा २००६ साली मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या प्रकरणात स्पष्ट केले, की संस्थेचा प्रमुख निवडणे हा कारभाराच्या हक्काचा गाभा आहे आणि ज्येष्ठता डावलूनही अल्पसंख्याक संस्था आपल्या पसंतीचा पात्र माणूस नेमू शकते. म्हणजे एखाद्या अंजुमनला वाटले तर ती सगळ्या शिक्षकांमधून, किंवा बाहेरूनही, सर्वांत योग्य माणूस शोधून आणू शकते. शेजारच्या बहुसंख्याक संस्थेला हे करता येत नाही. इतकी मोकळीक हाताशी असताना सेवाज्येष्ठतेच्या यांत्रिक नियमापेक्षा वाईट निवड होणे ही खेदाची गोष्ट आहे, आणि ती होते. अध्यक्षांचा पुतण्या, सचिवांच्या ऐकण्यातला माणूस, दोन गटांच्या भांडणात कोणालाच अडचण न होणारा तिसरा, अशा कारणांनी मुख्याध्यापक ठरतात. पुढे तो बिचारा खात्याच्या पत्रांवर सह्या करतो आणि शाळा सचिवांच्या बैठकीतून चालते.

शाळेच्या निकालाशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. कॅनडाचे अभ्यासक केनेथ लिथवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतले संशोधन तपासून असा निष्कर्ष मांडला, की शाळेच्या आतल्या घटकांपैकी वर्गातल्या अध्यापनाच्या खालोखाल मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो तो शाळेच्या नेतृत्वाचा. निकोलस ब्लूम, रेनाटा लेमोस, राफाएला सादून आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थतज्ज्ञांनी भारतासह ८ देशांतल्या १,८०० हून अधिक माध्यमिक शाळांचा कारभार तपासला. त्यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या विषयाशी थेट भिडतो. चांगला कारभार आणि मुलांचे चांगले निकाल हातात हात घालून जातात, हे त्यात दिसले. पण त्याहून मोलाचे निरीक्षण स्वायत्त शाळांबद्दलचे होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या पण निर्णयांत मोकळीक असलेल्या शाळांचा कारभार इतरांपेक्षा सरस ठरला. त्याचे श्रेय त्यांना मिळणाऱ्या निवडक मुलांना देता येत नव्हते. प्रमुखाला नियामक मंडळापुढे खरोखर जाब द्यावा लागत होता आणि प्रमुखाकडे शाळेसाठी स्वतःची दिशा होती, ही खरी कारणे निघाली. आपली अनुदानित अल्पसंख्याक शाळा म्हणजे नेमकी हीच घडण आहे: पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. स्वायत्ततेचा अर्धा भाग आपण घेतला. जाब देण्याघेण्याचा दुसरा अर्धा मात्र मागेच राहिला.

आता अशा शाळेच्या शिक्षक खोलीत जरा जवळून पाहू. एका टेबलाभोवती बसणाऱ्या माणसांचे दर्जे किती वेगवेगळे असतात ते कागदांवरून कळते. पहिल्याकडे वैयक्तिक मान्यतेचा आदेश आहे, शालार्थ प्रणालीत नाव आहे, वेतन आयोगाप्रमाणे पगार बँकेत जमा होतो, सेवापुस्तक भरलेले आहे. दुसरा शिक्षण सेवक. २०२३ च्या जानेवारीपासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये मानधन. तिसरा, टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानाच्या वाटेवर डोळे लावून वर्षानुवर्षे थांबलेला. चौथे हाफिजसाहेब, जे मुलांना कुराण शिकवतात. संचमान्यतेत, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या पदांत, त्यांचे पद नसते, म्हणून त्यांचे मानधन संस्था आपल्या फंडातून देते, तेही बहुधा रोख आणि कधी कधी उशिरा. त्यांच्याकडे नियुक्तिपत्र नसते. मुलाच्या चारित्र्याची सर्वांत मोठी जबाबदारी ज्याच्यावर टाकायची, त्याच्याच नोकरीला कागदाचा आधार नाही. इंग्रजी माध्यमाच्या नव्या शाळेत शिकवणाऱ्यांत तरुण मुली आणि सुना पुष्कळ असतात. जूनमध्ये तोंडी बोलण्यावर रुजू व्हायचे, एप्रिलनंतर पगार बंद, बाळंतपण आले की नाव कमी. अशा संस्थांच्या कार्यकारिणीच्या यादीत मात्र स्त्रियांची नावे शोधूनही क्वचित सापडतात. १९८१ च्या नियमावलीत नियुक्तिपत्राचा नमुना छापलेला आहे: पद, वेतनश्रेणी, परिवीक्षेचा काळ, सगळे रकाने तयार. शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, मान्यता असेल तर तो भरून द्यावा लागतो. ते एक पान भरायला खर्च काहीच नाही.

मदरशाची अडचण आणखी खोल आहे, आणि ती समजून न घेता मौलवींच्या तुटपुंज्या पगारावर बोलणे अन्यायाचे होईल. मदरशांकडे येणाऱ्या पैशात जकातीचा वाटा मोठा असतो. हनफी फिकहप्रमाणे (धर्मशास्त्राप्रमाणे) जकात गरजूच्या मालकीत गेली पाहिजे. कामाचा मोबदला म्हणून ती देता येत नाही. त्यामुळे गरीब मुलांच्या जेवणाला आणि कपड्यांना पैसा असतो, पण उस्तादांच्या पगारासाठी वेगळ्या ऐच्छिक देणगीची वाट पाहावी लागते. रमजानमध्ये पावतीपुस्तक घेऊन गावोगाव फिरणे हाही मग शिक्षकाच्याच कामाचा भाग होऊन बसतो. राज्य सरकारची २०१३ ची डॉ. झाकीर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. तिच्यातून मराठी, गणित, विज्ञान असे विषय शिकवणाऱ्यांना मानधन मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते डी.एड. शिक्षकांसाठी ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. झालेल्या पदवीधरांसाठी ८,००० वरून १८,००० रुपये केले. निर्णय स्वागतार्ह होता. पण योजना घेतलेल्या मदरशात आता गणिताच्या शिक्षकाचे मानधन सरकार देणार आणि हिफ्जच्या (कुराण पाठांतराच्या) उस्तादाचे देणगीवर अवलंबून राहणार. अशी दरी एकाच छताखाली सांभाळायला फार समंजस नेतृत्व लागते. जकातीखेरीज पगारासाठी कायम निधी उभारणे, तो वेगळ्या खात्यात ठेवणे आणि देणगीदारांना आकडा उघड सांगणे, ही मुहतमिमची, म्हणजे मदरशाच्या प्रमुखाची, पहिली कसोटी आहे. इमारतीवर आणखी एक मजला चढवणे दुसऱ्या नंबरावर.

कारभाराच्या या गोष्टी पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्रातून आल्या आहेत, दीनी संस्थेला त्या लागू पडत नाहीत, असा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. उत्तर परंपरेतच आहे. १८६६ साली दारुल उलूम देवबंद सुरू झाले तेव्हा मौलाना कासिम नानौतवी यांनी आठ तत्त्वे लिहून ठेवली. सरकारी मदत आणि अमिरांचा आश्रय टाळून सामान्यांच्या चंद्यावर संस्था चालवावी, हे तत्त्व सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच आठांत मुहतमिमने सल्ला घेतल्याशिवाय महत्त्वाचे काम करू नये, सल्लागारांनी आपल्याच मताचा हट्ट धरू नये, विरोधी मत ऐकण्याची तयारी संपली की संस्थेचा पाया डळमळेल, आणि शिक्षकांनी एकमेकांना कमी लेखू नये, असेही सांगितले आहे. कर्मचारी व्यवस्थापनाचा याहून नेमका धडा आजच्या पुस्तकांतही विरळाच. या व्यवस्थेची परीक्षा २०११ साली झाली आणि तिचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा येथे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम उभारणारे आणि दीनी शिक्षणाच्या जोडीला अभियांत्रिकी, औषधनिर्माण, जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वैद्यकीय महाविद्यालय अशा संस्था काढणारे मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी त्या वर्षी जानेवारीत देवबंदचे मुहतमिम निवडले गेले. एका मुलाखतीतल्या गुजरातविषयीच्या विधानांवरून वादळ उठले, चौकशी समिती नेमली गेली आणि जुलैमध्ये मजलिस-ए-शुराने (सल्लागार मंडळाने) त्यांना पदावरून दूर केले. तो निर्णय संस्थेच्या तोट्याचा ठरला, असे माझे मत आहे. बदल आणू शकणारा माणूस देवबंदने गमावला. पण निवड शुराने केली, चौकशी तिनेच नेमली आणि पदावरूनही तिनेच काढले, हेही तितकेच खरे. आपल्याकडच्या किती संस्थांत प्रमुखाला, त्याहून पुढे जाऊन सचिवाला, पायउतार करण्याची अशी ठरलेली वाट आहे?

अशी वाट नसण्यामागे संस्था कोणाच्या मालकीची हा प्रश्न असतो. त्याचे स्वच्छ उत्तर पाहायचे तर इंडोनेशियाकडे बघावे. पूर्व जावातले गोंतोर हे निवासी इस्लामी विद्यालय तीन भावांनी १९२६ साली नव्याने सुरू केले. तिथे अशी विद्यालये पिढ्यान्‌पिढ्या गुरूच्या घराण्यात राहतात. १२ ऑक्टोबर १९५८ रोजी या भावांनी सगळे विद्यालय वक्फ केले आणि १५ जणांच्या मंडळाच्या स्वाधीन केले. घराण्याची मालकी संपली. आज गोंतोरच्या शाखा देशभर आहेत आणि तिथून निघालेल्या विद्यार्थ्यांनी आणखी किती तरी विद्यालये काढली. संस्थापकांनी हयातीतच अधिकार सोडला, म्हणून संस्था त्यांच्यानंतर भांडणात बुडाली नाही. आपल्या तालुक्यांत नेमके उलट घडते. संस्थापक वारले की दोन कार्यकारिणी उभ्या राहतात, दोन्हींचे कार्यकारिणी बदलाच्या नोंदीचे अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून राहतात, आणि मुख्याध्यापकाच्या मान्यतेचा प्रस्ताव कोणाच्या सहीने घ्यावा हे शिक्षणाधिकाऱ्यांना कळत नाही. दरम्यान शाळा प्रभारी मुख्याध्यापकावर चालते. दहावीची मुले त्याच वर्षांत येऊन निघून जातात.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि आजच्या वातावरणात ती भीती खोटी म्हणता येणार नाही. कारभार उघडा केला, लेखी नियम केले, तर सरकारला हात घालायला जागा मिळेल, असे अनेक संस्थाचालकांना मनापासून वाटते. न्यायालयांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९५८ साली केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने अल्पसंख्याकांचा हक्क मान्य केला. त्याच वेळी शिक्षकांच्या गाऱ्हाण्यांसाठी न्यायाधिकरणे असावीत, असेही सांगितले. महाराष्ट्रात असे न्यायाधिकरण आहेच. बडतर्फ शिक्षकाला ३० दिवसांत तिथे दाद मागता येते. अल्पसंख्याक शाळेची सवलत भरतीपुरती आहे, काढून टाकण्यासाठी नाही. २०२० च्या जानेवारीत पश्चिम बंगालच्या मदरशांतील शिक्षक निवडीसाठी सेवा आयोग नेमणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला, म्हणजे तिथे अनुदानित मदरशांचा शिक्षक निवडीचा अधिकार आयोगाकडे गेला. शिक्षक पात्रता परीक्षा अल्पसंख्याक शाळांना लागू करावी का, हा प्रश्न २०२५ च्या सप्टेंबरात मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला. यातून मी एकच अर्थ काढतो. निवड गुणवत्तेवर होते हे संस्था स्वतः दाखवू शकल्या, तर हा अधिकार टिकवणे सोपे जाईल. दाखवू शकल्या नाहीत, तर तो काढून घेण्याचे समर्थन त्या स्वतःच पुरवतील. झाकलेला कारभार या हक्काचे रक्षण करत नाही.

तिसरा आक्षेप इख्लासचा, म्हणजे निर्मळ हेतूचा. दीनी काम सेवाभावाने होते, त्यात करारपत्रे आणि रजेचे नियम आणले की बरकत जाते, असे म्हणतात. सेवाभाव हा या शाळांचा खरा आधार आहे, याबद्दल वाद नाही. कमी पैशात, कोणी विचारत नसताना, आयुष्यभर मुलांना शिकवणारी माणसे या मोहल्ल्यांत आहेत. पण सेवाभाव दुसऱ्याकडून मागण्याची वस्तू नव्हे. तो ज्याने त्याने स्वतःहून द्यायचा असतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण मशिदीत सांगायची आणि मशिदीशेजारच्या मदरशात तीन महिन्यांचा पगार थकवायचा, याला इख्लास म्हणता येत नाही. कुराणाच्या सूरह निसाची ५८ वी आयत अमानती, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या ठेवी, हकदारांच्या हवाली करायला सांगते. पद हीही अमानतच आहे, असे आलिमांनी शतकानुशतके सांगितले. मुख्याध्यापकपदाला हे लावून पाहिले तर लायक माणूस सोडून नात्यातला नेमणे ही अमानतीतली खयानत, म्हणजे विश्वासघात, ठरते. शिक्षकांच्या हक्काच्या पैशालाही हेच लागू. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना १९९७ पासूनचा हक्क दिला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेला तिचा हिशेब न मागता देणारी संस्था बरकतीला जास्त जवळची आहे.

हे सगळे बहुसंख्याकांच्या शिक्षण संस्थांतही चालते, मग मुसलमानांनाच का सांगता, हा शेवटचा प्रश्न रास्त आहे. संस्थाचालकांची मनमानी हा अख्ख्या महाराष्ट्राचा रोग आहे, त्याला धर्म नाही. फरक एवढाच, की मराठीतून शिकणाऱ्या मुलाला गावात पाच-सहा शाळांचे पर्याय असतात. उर्दूतून शिकणाऱ्या मुलीला पुष्कळदा दहावीपर्यंतची एकच शाळा असते. ती बिघडली की मुलीचे शिक्षण तिथेच थांबते. म्हणून इथे चुकीसाठी मोजावी लागणारी किंमत जास्त आहे.

वसमतच्या संस्थांना कारभार सुधारण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. मुख्याध्यापकाची जागा रिकामी होण्याच्या वर्षभर आधी निकष लेखी ठरवावेत. निवड समितीत बाहेरगावचा एखादा निवृत्त मुख्याध्यापक आणि एक शिक्षिका घ्यावी. निवडलेल्याला वेळापत्रक, तासांची वाटणी आणि शिक्षकांचे मूल्यमापन यांत पूर्ण अधिकार द्यावा, आणि वर्षातून एकदा कार्यकारिणीसमोर निकाल, गळती आणि शिक्षकांच्या अडचणी यांचा लेखी अहवाल मागावा. हाफिजसाहेबांसकट प्रत्येकाच्या हातात नियुक्तिपत्र असावे. पालक आणि देणगीदारांना माझे सांगणे इतकेच आहे: येत्या रमजानमध्ये पावती फाडताना इमारत निधीबरोबर पगार निधीही विचारा, आणि संस्थेची वार्षिक सभा कधी आहे ते विचारून तिला हजर राहा. सभासद असाल तर मुख्याध्यापक कसा निवडला, हा प्रश्न तिथे उभे राहून विचारा. तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.